दोनदा ठासलेली बंदूक

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. प्राथमिक शाळांत छत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी पालीच्या बाजूला. निवृत्त झाल्यावर काशीदच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या गावी येऊन राहिलो. गावात मला सगळे गुरुजी म्हणतात आणि गुरुजींनी सांगितलं म्हणजे ते खरं असं धरून चालतात. त्यांच्या या विश्वासाच्या आडोशाला मी सहा वर्षं लपून राहिलो.

ज्यांच्याबद्दल हे लिहायचं ते माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणतो. आमची नारळाची वाडी आणि त्यांचं शेत यांच्यामध्ये दगड रचून केलेला एक गडगा, एवढंच अंतर. भात निघालं की त्याच ओलीवर दादा वाल पेरतात. वाल फुलावर आला की डोंगरातून वानरं उतरतात आणि सकाळच्या तासाभरात शेंडे ओरबाडून जातात. त्यासाठी दादांकडे बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना होता आणि बंदूक ठासणीची होती. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा आणि लांब लोखंडी गजाने ते सगळं खाली ठासायचं. शिसं दादा कधी घालत नसत. नुसता आवाज काढायचा. एक बार काढला की दोन दिवस वानरं फिरकत नसत.

तशीच एक बंदूक माझ्या वडिलांची होती. ते गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा झाली, कारण मी नोकरीवर होतो आणि मला तिचं काही पडलेलं नव्हतं. गावी परतल्यावर ती आपल्या नावावर करून घ्यावी असं मनात आलं. लोकांना मी सांगितलं की वानरं कोवळे नारळ पाडतात. पाडत होती, हे खरंच आहे. पण खरं कारण निराळं होतं. लहानपणी वडील बंदूक खांद्याला लावून बांधावरून निघाले की माणसं बाजूला होत, आणि मी जन्मभर खडू धरला होता. अडुसष्टाव्या वर्षी मला ती ऐट हवीशी वाटली. अर्ज केला. अर्जदाराला शस्त्र हाताळता आलं पाहिजे, असं तिथे सांगितलं. म्हणून मी दादांकडे गेलो.

"शिकवीन की," दादा म्हणाले. "तुमी माज्या पोरांना पाडे शिकवलेत. मी तुमाला बार भरायला शिकवतो. फिटंफाट."

मी वही घेऊन गेलो होतो. पहिल्या दिवशी नुसती नावं. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता. बोटाने दाबायचा तो चाप. चाप दाबला की आपटतो तो घोडा. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा बारीक दाणा म्हणजे माशी. नळीच्या मागच्या टोकाला वर आलेली पोकळ नळकांडी म्हणजे कान, आणि त्या कानावर बसवायची तांब्याची इवलीशी टोपी. घोडा टोपीवर पडतो, ठिणगी कानातून आत जाते आणि दारू पेटते. मी प्रत्येक भागाचं चित्र काढून बाजूला नाव लिहीत होतो. दादा जरा वेळ बघत राहिले.

"गुरुजी, वानरं काय तुमची वही वाचून पळनार हायत?"

त्यांची सून ओटीवर वाल निवडत होती, तीही हसली. पण दादा शिकवायला कडक होते. आठवडाभर त्यांनी मला दारूला हात लावू दिला नाही. रिकामी बंदूक घेऊन आंब्याला टांगलेल्या करवंटीवर नेम धरायचा. दस्ता खांद्याच्या खळीत घट्ट बसला पाहिजे, सैल राहिला तर गाल फुटतो. श्वास अर्धा सोडायचा आणि थांबायचं. चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. नळी आभाळाकडे नाहीतर मातीकडे, माणसाकडे कधीच नाही, रिकामी असली तरी नाही. बंदूक भरून ठेवायची वेळ आली तर टोपी काढून ठेवायची. टोपी नसेल तर घोडा आपटूनही काही होत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी गज.

"कायबी करन्याच्या आदी गज," दादा म्हणायचे. गज नळीत सोडायचा आणि बाहेर किती राहतो ते बघायचं. चार बोटं बाहेर राहिला तर बंदूक रिकामी. वीतभर बाहेर राहिला तर आत बार आहे. ठासणीच्या बंदुकीत दुसरं काही कळायला मार्ग नसतो. काडतुशीची बंदूक मोडून आत बघता येतं, हिच्यात आत बघता येत नाही. आत काय आहे ते फक्त गज सांगतो. हे वाक्यही मी वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

दुसऱ्या आठवड्यात मी भरायला शिकलो. माझा हात फार मंद. मापातून दारू सांडायची, काथ्याचा बोळा नळीच्या तोंडाशीच अडकायचा. दादांची सून एकदा म्हणाली, "काका, तुमचा बार भरून होईस्तोवर वानरं वाल सोलून, आमटी करून, जेवून जातील." सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला लागलं. इतक्या क्षुल्लक गोष्टीपासून पुढचं सगळं झालं, हे लिहिताना आज लाज वाटते.

तो दिवस थंडीतला होता, सकाळचे आठ वाजले असतील. मला पोचायला थोडा उशीर झाला. दादा मांगराच्या, म्हणजे शेतातल्या अवजारांच्या खोपीच्या, सावलीत बसले होते. बंदूक भिंतीला टेकलेली, दारूची डबी आणि काथ्या शेजारी. मी बसतो न बसतो तोच खालच्या विहिरीवरचा दिवा लागला.

"लाईट आली," म्हणत दादा उठले. "मोटर लावून येतो. परत कवा जाईल भरवसा न्हाय."

ते खाली गेले. मी एकटाच राहिलो. बंदुकीच्या कानावर टोपी नव्हती, आणि टोपी नाही म्हणजे बंदूक रिकामी, असं मी ठरवून टाकलं. खरं तर टोपी नसलेली बंदूक भरलेलीही असू शकते, हे मला आठवड्यापूर्वीच शिकवलं होतं. रोज दादा माझ्यासमोर बार भरत. आज मी उशिरा आलो होतो, त्यांना भरताना बघितलं नव्हतं, म्हणून भरलाच नसणार. दादा येईपर्यंत मी बंदूक भरून ठेवेन, ते बार काढतील, आणि मग मी म्हणेन, हा मी भरला होता. एवढाच माझा बेत होता.

मी गज घालून बघितलं नाही. दारू मोजून ओतली, या वेळी सांडली नाही. काथ्या नीट बसला. मग गजाने ठासायला लागलो.

ठासून झाल्यावर गज वीतभर वर राहायला हवा होता. तो त्याहून कितीतरी वर राहिला. वीत आणि वर सात-आठ बोटं. मला ते दिसलं, आणि चुकतंय हेही कळलं. मी स्वतःला सांगितलं की काथ्या जास्त झाला असेल, आणि दोन्ही हातांनी जोर लावून आणखी ठासलं. गज जेमतेम बोटभर खाली गेला. तो काढून मी जागेवर ठेवला आणि बंदूक होती तशी भिंतीला टेकवली.

दादा परत आले तेव्हा वानरं बांधावर आलीच होती. त्यांनी बंदूक उचलली. स्वतः भरलेली होती, मग गज घालून बघायचं त्यांना कारण नव्हतं. कानावर टोपी बसवली. ते चार पावलं पुढे गेले. तेवढा वेळ माझ्याकडे होता. "दादा, मी भरली आहे," एवढं म्हणायला लागतो त्याहून कितीतरी जास्त. मी हसू दाबून उभा होतो.

नळी मागच्या बाजूने फाटली. आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता, काहीतरी फुटल्यासारखा होता. धूर गेला तेव्हा दादा खाली बसलेले होते आणि डावा हात उजव्या हातात धरून त्याच्याकडे बघत होते. दोन बोटं गेली होती.

कोळीवाड्याकडे बर्फ घेऊन निघालेला टेम्पो रस्त्यावर मिळाला. त्यात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. हाताला माझं उपरणं गुंडाळलं होतं. वाटेत दादा एकदाही ओरडले नाहीत. हिशेब लावावा तसे एकटेच बोलत होते.

"दुप्पट दारूबिगर नळी अशी फाटत न्हाय. सकाळी भरली व्हती मी. तुमी यायच्या आदी. मंग परत भरली का काय म्यां?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुमी आलात तवा मी काय करत व्हतो?"

मी म्हणालो, "ठासत होता."

हे वाक्य तोंडातून कसं आलं ते मी सांगू शकत नाही. विचार करून बोललो नाही, पण बोलून झाल्यावर परत घेतलंही नाही. दादांनी मान हलवली.

"म्हंजे इसरलो. भरलेली इसरलो."

दुसऱ्या दिवशी पोलिसांसमोर मी तसाच जबाब दिला आणि खाली सही केली. बंदूक मी हाताळली असं म्हटलं असतं तर माझा अर्ज गेलाच असता, वर गुन्हाही दाखल झाला असता. परवाना नसलेल्याच्या हाती बंदूक दिली म्हणून दादाही अडचणीत आले असते. ही दुसरी गोष्ट मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला ऐकवली. गप्प राहून त्यांना वाचवतो आहे, असंच मी स्वतःला समजावत होतो. दादांचा परवाना रद्द झाला. माझा अर्ज मी मागे घेतला. अपघात बघून गुरुजींचं मन उडालं, असं लोक म्हणाले, आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

हात भरून आला. दादा डाव्या हाताच्या तीन बोटांत पेंढी धरून कोयता चालवायला शिकले. हातावर सगळं थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं, इतका मी भित्रा आहे.

पण दादांनी आपल्या डोक्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं. ज्या माणसाने पन्नास वर्षं बंदूक भरली आणि एकदाही चूक केली नाही, तो भरलेली बंदूक विसरला. मग त्याला आणखी काय आठवत नसेल? आधी त्यांनी कपाटाची चावी सुनेकडे दिली. मग आपल्या गोळ्या तिच्या हवाली केल्या. लेक दिघीला दिलेली आहे, तिच्याकडे ते आगरदांड्याहून बोटीने एकटे जात, ते बंद केलं. कुठे उतरायचं ते विसरलो तर, म्हणाले. चहाच्या टपरीवर पोरं म्हणत, "दादा, साखर एकदाच टाका हां, दोनदा ठासू नका." दादाही हसत. मी तिथेच बाकावर बसलेला असे.

मुलाने त्यांना अलिबागला नेऊन डोक्याचा फोटो काढून आणला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. दादांना पटलं नाही. "मशीनला काय कळतंय," ते म्हणाले. "गुरुजींनी डोल्यांनी बगितलंय."

एका वर्षी गणपतीत आरतीला उभे होते. आरत्या नेहमी तेच सांगत, एकामागून एक, न अडखळता. त्या संध्याकाळी तिसऱ्या आरतीच्या मधेच थांबले. शब्द येत होते, मला त्यांच्या ओठांवर दिसत होते. पण हा चरण आपण आत्ताच म्हटला की नाही याची त्यांना खात्री वाटेना. ते मागे सरकले, खांबाला धरून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत रडले. मी पुढे होऊन आरती पूर्ण केली. लोक म्हणाले, बरं झालं गुरुजी होते.

गेल्या महिन्यात त्यांची नात बाळंतपणाला आली. बाळाला बघायला मीही गेलो होतो. नातीने बाळ दादांच्या पुढे धरलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माज्याकडं नको. कुठं ठेवलं ते ध्यानात न्हाय ऱ्हायलं तर?"

बायका हसल्या. नात हसली नाही. मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांच्या ओटीवर जाऊन मी सगळं सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "परत सांगा."

मी परत सांगितलं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, मी वर्गात मुलांना विचारत असे तसं. "गज घालून बगितलात?"

"नाही."

"ठासल्यावर किती वर व्हता?"

"वीत, आणि वर सात-आठ बोटं."

त्यांनी डोळे मिटून हवेतच हाताने मोजलं. "बराबर. दोन बारांचा तेवडाच ऱ्हातो." मग सुनेला हाक मारली. "ये गं बाहेर. गुरुजी काय सांगतात ते ऐक. सांगा हिला."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. "आणि पोलिसांना तेव्हा काय सांगितलंत, काका?" तिने विचारलं. तेही सांगितलं.

दादा डाव्या हातावरच्या गेलेल्या बोटांच्या जागा चाचपत होते. मला वाटलं, ते हाताबद्दल बोलतील.

"मी गनपतीत रडलो," ते म्हणाले. "तवा तुमाला ठाव व्हतं?"

"हो."

"बाजूलाच उबे व्हतात."

"हो, दादा."

सून सवयीने म्हणाली, "चहा ठेवते."

"माज्यापुरता ठेव," दादा म्हणाले.

मी उठून आलो. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेलो आणि जबाब चुकीचा होता असा अर्ज लिहून दिला. तिथून टपरीवर गेलो आणि चारचौघांसमोर उभं राहून सांगितलं की बंदूक दादांनी दोनदा भरली नव्हती, दुसऱ्यांदा मी भरली होती. मग टपरीवाल्याने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"गुरुजी," तो म्हणाला, "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून किती करता तुम्ही!"

दुसरा म्हणाला, "स्वतःवर घेतलंत. असा माणूस आता मिळायचा नाही."

मी शपथ घेतली, ओरडलो, आणि जितका ओरडलो तितकं त्यांना माझं मन मोठं वाटत गेलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. दादांच्या मुलालाही तसंच वाटलं. तो माझ्या घरी आला आणि माझ्या पाया पडला. "बाबांना तुमच्यामुळे आधार मिळाला," म्हणाला. खोटं बोललो तेव्हा एका वाक्यात गावाने विश्वास ठेवला, आणि खरं बोललो तेव्हा कोणी ठेवेना. तो बसला होता तेवढा वेळ मला मान वर करता आली नाही.

चार दिवसांनी दादा स्वतः आले. आत आले नाहीत, गडग्यापलीकडे उभे राहून बोलले. घरात सगळे त्यांना सांगत होते की गुरुजी तुमच्या मायेपोटी असं म्हणतात, आणि रात्रंदिवस ऐकून त्यांचं मन परत डगमगायला लागलं होतं.

"तोंडी नको," ते म्हणाले. "लिवून द्या. गजाचं पन लिवा. दया म्हनून कोन गजाची बोटं सांगत न्हाय. मंग ते मी पोरांपुढं ठेवतो."

म्हणून हे सगळं इतकं बारकाईने लिहिलं आहे. पहिला मसुदा मी त्यांना गडग्यापाशी उभा राहून वाचून दाखवला. ते एक कान पुढे करून ऐकत होते. त्यात एके ठिकाणी मी लिहिलं होतं, "माझ्या हातून नकळत दुसरा बार भरला गेला." दादांनी हात वर करून मला थांबवलं.

"नकळत काडा."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"गज वर ऱ्हायला तवा तुमाला दिसला ना? मंग?"

मी खिशातलं पेन काढलं, कागद गडग्याच्या दगडावर ठेवला आणि त्यांच्यासमोर तो शब्द खोडला.

"हां. आता फुडं वाचा," दादा म्हणाले.